खाणाऱ्यांचा कांदा

आमच्या घरात तुरीची डाळ कधी धड शिजली नाही. सकाळपासून चुलीवर रटरटत ठेवा, सोडा टाका, देवाचं नाव घ्या, दाणा तो दाणाच राहायचा. दोष डाळीचा नव्हता, पाण्याचा होता. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या त्या पट्ट्यात विहिरींना पाणी भरपूर, पण खारं. चहात दूध घातलं की चहा फाटायचा, साबणाला फेस येत नसे, आणि नवी सून आली की पहिले काही दिवस तोंड वाकडं करून घोट गिळायची. गावाबाहेर एक हातपंप होता, त्याचं पाणी गोड, पण धार करंगळीएवढी आणि रांग मारुतीच्या देवळापर्यंत. ते प्यायलाच पुरत नसे. माझी माय अचलपूरकडची, गोड्या पाण्यातली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी तिला आमचं पाणी मानवलं नव्हतं. डाळ ढवळताना ती पुटपुटायची, "माह्या बापानं जमीन पाह्यली, पोरगा पाह्यला, पन हिरीचं पानी नाही चाखलं." बाबा दारात बसून विळ्याला धार लावत असायचे. ते म्हणायचे, "अन्‌ माह्या बापानं तुही जीभ नाही पाह्यली." यावर दोघंही हसायची. आमच्या घरातली भांडणं बहुतेक अशीच हसून मिटायची, म्हणून जे एक मिटलं नाही ते माझ्या लक्षात राहिलं.

आम्ही भाजीपाल्याची माळी माणसं. मेथी, पालक, मुळा, आणि आमच्याकडे जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर. बाजाराच्या आदल्या दिवशी घराला हिरवा, ओला वास यायचा. आम्ही पोरी अंगणात मांडी घालून जुड्या बांधायचो, बाबा इंजिनवर पाणी धरायला गेलेले असायचे आणि त्या इंजिनाची टुकटुक लांबून ऐकू येत राहायची. दुपारी मुळ्याच्या पाल्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. तो खाऊन हात धुतले तरी बोटांची आग जायची नाही आणि त्याच बोटांनी डोळा चोळला की संपलंच. बाजाराच्या दिवशी उजाडताच साऱ्या माळणी नाल्यावर जमायच्या. सातपुड्याकडून येणारा तो नाला, पाणी गोड. विहिरीच्या पाण्यात पालक धुतली तर पानांवर पांढरा खार बसायचा आणि दुपारच्या आत ती माना टाकायची. नाल्यात बुचकळून काढली की अशी तरतरीत व्हायची की गिऱ्हाईक लांबून यायचं. नाला गावातून वाहत यायचा आणि आमचा धुण्याचा घाट गावाच्या खालच्या अंगाला होता; गावाच्या वर तो पाटलाच्या वावरातून यायचा, तिथे उतरायला वाट नव्हती. गावाच्या गटारी वर कुठे मिळतात हे सगळ्यांना दिसत होतं, पण वाहतं पाणी कशानं बाटतं, असं आमच्या आज्या म्हणत आल्या होत्या.

बाजारात प्रत्येकीची जागा ठरलेली. सासूची जागा सुनेकडे यायची. मायच्या डाव्या हाताला चंद्राकाकू बसायची, आमच्याच आळीतली, चुलत नात्यातली, आवाज असा की बैल बुजावा. एकीला घरी जावं लागलं तर दुसरीनं तिचा माल विकायचा, मोड द्यायची, पाण्याचा तांब्या सामाईक. आणि बाजारातल्या कोणत्याही गोष्टीवर मतभेद झाला की चंद्राकाकूचा मोठा तराजू लिंबाच्या फांदीला टांगला जायचा. प्रत्येकीनं घरून एक कांदा आणायचा. हो म्हणणारीचा कांदा एका पारड्यात, नाही म्हणणारीचा दुसऱ्यात. कांदा केवढा आणायचा हे तिनं ठरवायचं. जिचा जीव अडकला असेल ती नारळाएवढा आणायची, जिला काही पडलेलं नसेल ती लसणीएवढा. पारडं झुकलं की बोलणं बंद. नंतर त्या कांद्यांची भजी व्हायची आणि हरलेल्या बायकाही ती खायच्या. पुढे नोकरीत मी पुष्कळ सभा पाहिल्या, हात मोजलेले पाहिले, पण माणसाला एखादी गोष्ट किती लागते हे मोजणारी दुसरी रीत मला काही दिसली नाही. तिच्यात एक मोठं भोक होतं, ते मात्र आम्हा कोणालाच दिसलं नव्हतं.

ग्रामपंचायतीत बायांची जागा आली तेव्हा बाजारातल्या बायकांनी मायला उभं केलं. ती चार वर्ग शिकलेली होती आणि तिला कोणाची भीड वाटत नसे, एवढ्यावर. लिंबाखाली चंद्राकाकूनं तिला विचारलं, "तठी जाऊन पाटलाच्या बाजूनं त्‌ नाही बोलनार?" माय म्हणाली, "तराजू म्हनन तसा हात वर करीन. माहा हात म्हंजे तुमचा हात." तिनं तराजूच्या दांडीला हात लावून हे म्हटलं होतं. पुढे ते वाक्य आमच्या घरात इतक्यांदा उगाळलं गेलं की मला त्याचा वीट आला. पण तेव्हा सगळ्यांना ते फार गोड वाटलं. माय निवडून आली आणि दिलेला शब्द तिनं पाळलाही. बाजारात दिवा हवा, तराजूनं हो म्हटलं, मायनं हात वर केला. बाजाराचा वार बदलावा का, तराजू नाही म्हणाला, मायनं हात मांडीवर ठेवला. बायका अभिमानानं सांगायच्या, "पंचायतीत आमचा हात बसून राह्यते."

मग त्या पावसाळ्याच्या शेवटी गावात हगवण सुरू झाली. आधी वरच्या आळीत, मग सगळीकडे. बैलगाडीतून, एसटीतून माणसं अकोल्याला नेली जात होती. चंद्राकाकूची सूनही गेली. तपासायला आलेल्या नर्सबाई नाल्यावर उभ्या राहून बराच वेळ बघत राहिल्या आणि सरपंचांना म्हणाल्या, हे धुणं बंद करा. सरपंचांनी ठराव आणला: नाल्यात धुतलेला भाजीपाला बाजारात विकू द्यायचा नाही. पंचायतीतले सभासद निम्मे इकडे, निम्मे तिकडे. मायचा हात ज्या बाजूला, ती बाजू जिंकणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

तराजू टांगला गेला. मी मायच्या मागे उभी होते. एकामागून एक कांदे 'बंदी नको'च्या पारड्यात पडत होते, आणि लहान नव्हते. चंद्राकाकूची सून अजून अकोल्याला खाटेवर होती, तरी काकूनं पदराखालून काढलेला कांदा मी विसरले नाही. तो मुठीत मावत नव्हता. कोणीतरी कुजबुजलं तशी ती कडाडली, "हगवनीनं एखादं मरते, बाई. माल नाही इकला त्‌ आमी सारेच मरतो. खाऱ्या पान्यातली पालक कोन घेते? तू घेशीन?"  तिच्याकडे पालक-मेथीशिवाय दुसरं पीकच नव्हतं. मायनंही आपला कांदा टाकला, दुसऱ्या पारड्यात. तो मध्यम होता. पारडं हललंसुद्धा नाही. चंद्राकाकू मायकडे पाहून म्हणाली, "गोड्या पान्याची बाई तू. तुले काय समजते? पन जाऊ दे. हात आमचा हाय." मायनं मान डोलावली आणि भजी न खाता घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन अकोल्याला निघाली, चंद्राकाकूच्या सुनेला भेटायला. एसटी खडखडत होती, शेजारी कोणाच्या तरी पोत्यात कोंबडी होती आणि माय एकसारखी पदराचं टोक पिळत होती. दवाखान्यात सून बरी होती, हसली, भाकर मागितली. परत निघताना पलीकडच्या खाटेवरून हाक आली. आमच्या गावच्या वरच्या आळीतली शिंप्याची म्हातारी आई. तोंड पार चिमणीएवढं झालेलं. मायचा हात धरून म्हणाली, "द्वारके, बरी झाली का घरी येतोच मी. माह्यासाठी पालकाची एक जुडी ठिवजो. तुह्याच हातची घेतो मी नेहमी. लय ताजी रायते वं तुही पालक."  मायनं म्हातारीचे पाय चेपले, बराच वेळ चेपले. माझी भूक खवळली होती, मी दोनदा तिचा पदर ओढला, पण ती उठेना. बसमध्ये तिनं मला फुटाण्याची पुडी दिली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सुमे, हिचा कांदा कोनं टाकला वं?"

मला कळलं नाही. ती माझ्याशी बोलतच नव्हती. "तराजूवर सार्‍या इकनाऱ्या होत्या. खानाऱ्याइचा कांदा कोनं टाकला?" तेल्हारा येईपर्यंत हेच तिनं चार वेगवेगळ्या सुरांत म्हटलं.

ते दिवस मला नकोसे वाटतात. घरात कोणी मोठ्यानं ओरडलं नाही, पण कोणी स्वस्थही बसलं नाही. माय पीठ मळायला घ्यायची आणि विसरून अंगणात जायची. भाकरी करपायच्या. जुड्या बांधताना ती एकच जुडी सोडून पुन्हा बांधत राहायची. बाबा एरवी तिच्या कोणत्याच गोष्टीत पडत नसत, पण या वेळी त्यांनी विळा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हे पाय, पालक बंद कराची का नाही, मले समजत नाही. पन तू शब्द देल्ला. दांडीले हात लावून देल्ला. तो तू मोडला त्‌ उद्या या गावात कोन्या बाईवर कोन इस्वास ठेवन?"

"अन्‌ मले दिसून राह्यलं का हे खरं नाही, तरी हात खाली ठेवू?"

"मंग खुर्ची सोड. सांग त्याइले, मले जमत नाही, दुसरी पाठवा. पान्यात राहून माशाइशी वैर कायले घेतं?"

"खुर्ची सोडली का त्या अशी बाई पाठवतीन का जिचा हात वरच होनार नाही. मंग मी मोकळी, अन्‌ म्हातारी खाटेवर. हे बरं इमान हाय!"

बाबा म्हणाले, "इमान तं इमानच असते." मायनं तव्यावरची भाकर काढून त्यांच्या ताटात जरा जोरातच टाकली. मी बाबांच्या बाजूची होते. त्या वयात शब्द म्हणजे शब्द असं मला वाटायचं, आणि मला शाळेत चंद्राकाकूच्या पोरीशेजारी बसायचं होतं. सभेच्या आदल्या दिवशी खबर आली की शिंप्याची म्हातारी घरी येणार नाही. अकोल्यालाच सगळं उरकलं. मायनं पालकाच्या वाफ्याकडे पाठ करून सांबार खुडायला घेतला.

पंचायतीची खोली लहान, पंखा नव्हता, आणि खिडक्यांना सगळ्या माळणी लगडलेल्या. त्यांच्यात मीही घुसले होते. सरपंच कोणत्याही बाजूला न झुकता घसा खाकरत होते. त्यांचं असं होतं की गाव म्हणेल ते खरं, आणि गाव कुठे झुकतंय ते कळेपर्यंत चहा मागवायचा. शेवटी ते म्हणाले, "ज्याइले ठराव मंजूर हाय त्याइनं हात वर करा." ठरलेले हात वर गेले. माय टेबलाकडे बघत होती. चंद्राकाकू खिडकीतून शांतपणे म्हणाली, "बस तशीच, द्वारके." आणि मायनं हात वर केला. सरळ नाही, कोपरात वाकलेला, ओझं उचलल्यासारखा. पण वर केला. मग खिडकीकडे वळून तिनं सांगितलं, "तराजू नाही म्हनते, मले मालूम हाय. हा हात माहा हाय. शिव्या मले द्या, त्याइले नका देऊ." खिडकीतला उजेड एकदम मोकळा झाला, कारण सगळ्या बायका निघून गेल्या होत्या. मी एकटीच गज धरून उभी होते.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आमच्या दारात येऊन बसलं. पुढच्या बाजारी मायच्या जागेवर चंद्राकाकूनं आपलं पोतं पसरलेलं होतं. कोणी शिवी दिली नाही, भांडण केलं नाही. नुसती जागा नव्हती. माय पाटी घेऊन बोंबील विकणाऱ्यांच्याही पलीकडे, बाजाराच्या टोकाला जाऊन बसली. विहिरीच्या पाण्यातली तिची पालक पांढरी पडून माना टाकत होती, मोड कोणी देत नव्हतं, तांब्या कोणी पुढे करत नव्हतं. संध्याकाळी ती सगळी पालक गायीपुढे टाकली. गाय खूश होती. सगळ्यांचेच हाल झाले, ते मी सांगितलंच पाहिजे. पुढे बायका न धुता, माती झटकून, ओल्या पोत्याखाली झाकून भाजी आणू लागल्या, वांगी-मिरची जास्त लावू लागल्या, गिऱ्हाइकांनी कुरकुर करत चिखलाची सवय करून घेतली. पण चंद्राकाकूनं त्या हंगामात पालकाचे वाफे मोडले ते कायमचे, आणि तिची पोरगी शाळेतून निघून दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाऊ लागली. माझ्या शेजारचा बाक रिकामा राहिला. मायनं बरोबर केलं असं मला कोणी सांगितलं की मला अजून तो बाक आठवतो.

आता मी अमरावतीला असते. माझा भाचा त्याच गावचा सरपंच आहे, चांगला मुलगा आहे. तो प्रत्येक गोष्टीसाठी मोबाइलवर गावाचा कौल घेतो, अंगठे मोजतो आणि जिकडे जास्त अंगठे तिकडे जातो. मी त्याला म्हटलं, अरे, मग तू कशाला, मोबाइललाच सरपंच करा. तो म्हणाला, "मावशी, गाव करी ते राव न करी." खरं आहे. मला त्याच्यावर चिडायचं असतं आणि चिडता येत नाही, कारण ज्यांनी फक्त स्वतःच्याच मनाचं ऐकलं असे साहेबही मी नोकरीत पाहिले आहेत, आणि ते काही माझ्या मायसारखे रात्रंदिवस पदर पिळत बसले नव्हते. मी त्याला एवढंच विचारलं, ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांचे अंगठे कोण मोजतं? त्यानं विषय बदलला.

त्या वर्षी थंडी पडली आणि हगवण गेली. ती दरवर्षी थंडीत जायचीच, असं काही बायका म्हणाल्या. काही काहीच म्हणाल्या नाहीत. संक्रांतीच्या आधीच्या बाजारी लिंबाला पुन्हा तराजू टांगला: द्वारकेला तिच्या जागी बसू द्यायचं का. मायला निरोप आला तशी ती गेली, मीही गेले. कांदे पडत होते आणि दांडी डुगडुगत होती, कधी इकडे, कधी तिकडे. चंद्राकाकूनं आपला कांदा टाकला तेव्हा पुढे इतकी गर्दी होती की तो कोणत्या पारड्यात पडला ते मला दिसलं नाही, आणि मी तिला कधी विचारलंही नाही. शेवटी दांडी केसभर मायच्या बाजूला झुकली. बायका पांगायला लागणार, एवढ्यात माय पुढे झाली. "माहा कांदा राह्यला," ती म्हणाली आणि पदराखालून एक कांदा काढून तिनं स्वतःच्याच विरुद्ध पारड्यात टाकला. मुठीत न मावणारा. पारडं खाड्‌कन खाली गेलं.

 मग चंद्राकाकूनं तो कांदा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि आपल्या त्या बैल बुजवणाऱ्या आवाजात म्हणाली, "हा बाद! हिच्या हाताचा कोनाले भरवसा?" सगळा बाजार हसला. पोतं सरकलं, जागा झाली, कोणीतरी तांब्या पुढे केला. माय आपल्या जागेवर बसली. ती हसली नाही.

घरी परतताना नाल्यावरच्या फरशीच्या पुलावर ती थांबली. खाली घाट रिकामा होता. म्हणाली, "हगवन गेली म्हनून हसल्या त्या. थंडीनं गेली का माह्या हातानं, देवाले मालूम. गेलीच नसती त्‌?"

मी विचारलं, "मालूम असतं का जानार नाही, त्‌ हात खाली ठेवला असता?"

 "नाही," ती म्हणाली. "हात वरच केला असता. अन्‌ त्याइनं मले बसू देल्लं नसतं. अन्‌ तेबी बरोबरच असतं, सुमे." मग तिनं डोक्यावरची पाटी सावरली आणि आम्ही घराकडे चालायला लागलो.